पुढचं पाणी

गेल्या महिन्यात शहरातल्या एका गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब माझ्या बजाजनगरच्या घरी आले होते. मंडळाच्या वर्धापनदिनी आमचा सत्कार करायचा म्हणत होते. ‘ज्येष्ठ डोंगरयात्री दांपत्य’ असं काहीतरी त्यांनी पत्रिकेवर छापायला काढलं होतं. मी म्हटलं, साहेब, दांपत्य आता राहिलेलं नाही, अर्धंच उरलंय. ते म्हणाले, माहीत आहे मुंजाबा, म्हणूनच तर, राजाबाईंच्या आठवणीत चार शब्द बोला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पाहुण्याला चहा विचारायचाही राहून गेला. चार शब्द! चार शब्दांत भागण्यासारखं असतं तर मी दीड वर्ष तोंड मिटून बसलो नसतो. बद्रीनाथला, माझ्या पोटच्या पोराला, मी अजून नीट सांगितलेलं नाही.

आम्ही मेंढरंवाले. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली आमच्या वाड्यात तीनशे मेंढरं होती असं आजा सांगायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. पाच-सहा बिऱ्हाडं, त्यांची घोडी, कुत्री, मेंढरं, सगळं मिळून जे चालत राहतं त्याला आमच्यात वाडा म्हणतात. सुगी झाली की डोंगराकडून गोदाकाठाला उतरायचं, पाऊस लागला की परत वर. राजाबाई लग्न होऊन आली ती अशा चालत्या घरात. तिला सासरचा उंबरा असा मिळालाच नाही, घोडी मिळाली.

पुढे मेंढरं कमी झाली, गायरानं गेली, आणि मी बत्तिसाव्या वर्षी वाळूजच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. आमच्यातले लोक म्हणाले, मुंजाबाचं भलं झालं. माझं झालंही. राजाबाईचं झालं का, हे मी सव्वीस वर्षं विचारलं नाही. दोन खोल्या, एक मोरी, एक खिडकी. मी पाळीवर गेलो की ती कॉलनीला फेऱ्या मारायची. शेजारणी म्हणायच्या, हिला साखर झाली असेल म्हणून डॉक्टरनं चालायला सांगितलंय. तिला काही झालेलं नव्हतं, तिला फक्त बसवत नव्हतं.

मी रिटायर झालो आणि प्लास्टिकच्या खुर्चीत पसरलो. महिनाभर तिनं ते पाहिलं. एके दिवशी सकाळी म्हणाली, "आवो, उटा. तुमाला बुरशी यायलीय."

"कुठं जायचं?"

"कुटं का आसंना. चला."

सिटी बसनं हर्सूलला गेलो, तलावाला वळसा घालून मागच्या टेकड्यांवर चढलो. मी धापा टाकत होतो आणि ही बया पदर खोचून पुढे. वर पोचल्यावर तिनं वारा आला त्या बाजूला तोंड केलं आणि खोचलेला पदर सोडून दिला. सव्वीस वर्षं मी या बाईला कोंडून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. फार उशिरा कळलं, पण निदान कळलं तरी.

मग आम्हाला चटकच लागली. आधी एका दिवसाचं, मग मुक्कामाचं. जटवाडा, सारोळा, म्हैसमाळ. शहागंजातून तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले, नऊवारीखाली ते घालून ती अशी चालायची की रविवारी डोंगरावर येणारी शहरातली पोरं फोटो काढायची. "काकू, एज काय तुमचं?" ती म्हणायची, "तुज्या आज्जीला इचार." पोरं आम्हाला त्यांच्या ग्रुपात घ्यायला बघायची. त्यांचं सगळं बरोबर चालणं असायचं, एका ओळीत, शिट्टी वाजली की थांबायचं. आमचं तसं नव्हतं.

आमचं कसं होतं ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आलं.

वाड्यात बाई पुढे असते. पहाटे बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादतात आणि सरळ वाटेनं पुढच्या तळावर जातात. पुरुष मागून मेंढरं चारत चारत येतात. संध्याकाळी पुरुष तळावर पोचतो तेव्हा चूल पेटलेली असते. दिवसभर कुणी कुणाला दिसत नाही, पण कुणाला काळजीही नसते. आणि त्याला एक नियम होता. ठरलेल्या जागी बाई दिसली नाही तर मागे वळायचं नाही. तिथं पाणी नसेल, नाहीतर शेतकऱ्यानं हाकललं असेल, म्हणून ती पुढच्या पाण्याला गेली असणार. तुम्हीही पुढच्या पाण्याला जायचं. जाताना बाई वाटेवर दगडाखाली हिरवी डहाळी ठेवते, शेंडा जायच्या दिशेला. मेंढरं घेऊन मागे वळलात तर तुमचा दिवस गेला आणि मेंढरंही गेली. म्हणून पुढेच जायचं.

आमच्याकडे आता ना घोडी होती ना मेंढरं, पण चालणं तेच राहिलं. ती अर्धा तास आधी निघायची, मी मागून. दुपारच्या पाण्याला भेटायचं, तिथं ती चूल मांडून बसलेली. फोन एकच, तो माझ्या पिशवीत. डोंगरात त्याला रेंज नसायचीच. तात्यासाहेबांच्या मंडळातल्या एका पोरानं मला एकदा बजावलं होतं, काका, असं सुटं सुटं चालणं धोक्याचं आहे. मी त्याला म्हटलं होतं, बाळा, तुझा आजा शेळीला घाबरत असेल तेव्हा आमचा आजा लांडग्यामागं पळत होता. पोरगं हसलं. मीही हसलो.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. एकट्यानं चालावं, मनात येईल ते गुणगुणावं, आणि आपल्या पुढे कुणीतरी आपलं आहे, हे पक्कं ठाऊक असावं. म्हातारपणी याहून जास्त सुख काय असतं, मला माहीत नाही.

ते शेवटचं चालणं माघातलं. वेरूळहून निघायचं, डोंगराच्या अंगानं कन्नडवरून गौताळ्यात शिरायचं आणि तिथून अंतूरच्या किल्ल्यापर्यंत. सात दिवसांचा बेत. बद्रीनाथ पुण्याहून फोनवर ओरडत होता, आई, तुमचं वय आहे का हे? ती म्हणाली, "मंग काय वय हाय माजं, टीवी बगायचं?" आणि फोन माझ्या हातात दिला.

चौथ्या दिवशी आम्ही एका वस्तीवरच्या मारुतीच्या देवळात मुक्कामाला होतो. सकाळी ती उठली, तोंड धुतलं, पिशवी भरली आणि पायरीवर बसली. एरवी ती बसत नाही.

"छातीत गच्च वाटायलंय जरा," ती म्हणाली.

"रात्रीचं पिठलं," मी म्हटलं. "तीन भाकरी खाल्ल्यास."

"दोन." तिनं पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "आज संगं चलावं का वं?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. आणि मी काय म्हणालो? "आता हातात हात घालून चालायचं का राजाबाई? वस्तीवरचे लोक हसतील."

तीही हसली. "व्हय, ते बी हायच," म्हणाली. उठली, काठी घेतली आणि गेली. तिची पाठ मी पाहिली का? नाही पाहिली. देवळाच्या पुजाऱ्यानं दुसरा चहा आणला होता, आणि आमच्या आज्याची मेंढरं लांडग्यानं कशी फाडली ते मला त्याला सांगायचं होतं. पाऊण तास मी ते सांगत बसलो.

मग निघालो. वाट चांगली होती, दोन्हीकडे वाळलेलं गवत, मधूनमधून पळस. अर्ध्या तासावर एक बांध लागतो, त्याच्याखाली चिंचेचं झाड आहे. मी त्या बांधावरून गेलो. गुणगुणत गेलो.

दुपारच्या आत पाझर तलावावर पोचलो. दुपारचं पाणी तेच ठरलं होतं. तलावात पाणी नव्हतं. तळाला भेगा पडलेल्या, मधे एक बगळा उगाच उभा. राजाबाई नव्हती.

मला काळजी वाटली का? नाही. राग आला. आता पुढच्या पाण्यापर्यंत तंगडतोड आली, आणि पोटात कावळे ओरडत होते. मी डहाळी शोधली. वाटेवर एका दगडापाशी पळसाची डहाळी पडलेली होती. दगडाखाली नव्हती, जवळ होती. शेंडा धड पुढेही नव्हता, जरा आडवाच होता. मी मनात म्हटलं, वाऱ्यानं सरकली असेल, नाहीतर घाईत ठेवली असेल, आजकाल हिला घाईच फार. एखादं जनावर पळस मोडून जातं हे मला ठाऊक नव्हतं का? मी मेंढक्याचा पोरगा आहे. पण मला जी खूण हवी होती तीच मी पाहिली, आणि पुढे गेलो.

पुढचं पाणी सहा किलोमीटरवर होतं. नाल्यात डोह होता. तिथंही ती नव्हती. म्हटलं, सरपण बघायला गेली असेल. दोन हाका मारल्या. मग तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, चहा ठेवला. म्हटलं, येईल आणि बघेल, आज चूल मी पेटवलीय, जन्मभर टोमणे मारेल. दोन कप चहा केला. माझा प्यालो, तिचा झाकून ठेवला. पिशवी उशाला घेऊन जरा लवंडलोसुद्धा. हे सगळं मी सांगतोय कारण हे सगळं मी केलं.

भांडं विसळायला डोहाच्या काठाशी गेलो तेव्हा चिखल पाहिला. काठाला चारी बाजूंनी ओला चिखल होता. त्यावर गुरांचे खूर होते, पाखरांची नखं होती, माझे बूट होते. तिच्या कॅनव्हासच्या बुटाचा एकही ठसा नव्हता. पाण्यावर आलेली बाई पाण्याला पाय लावल्याशिवाय राहत नाही. पाण्यावर गेलं की आधी चिखल वाचायचा, हे आमच्यात चालायला लागलेल्या पोराला शिकवतात. मी दोन तास तिथं बसून चहा प्यालो आणि चिखलाकडे बघितलं नाही.

फोन काढला, रेंज नाही. मग मी वळलो. जन्मात पहिल्यांदा मागे वळलो.

चौसष्टाव्या वर्षी माणूस पळतो ते पळणं नसतं. मी पडलो, उठलो, पुन्हा पडलो. पिशवी कुठं टाकली आठवत नाही. "राजा, ए राजा" असं ओरडत होतो. असं मी तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हाक मारायचो, पुढे पोर झाल्यावर बंद केलं. सुका तलाव गेला. पळसाची ती डहाळी दिसली, तिला लाथ मारली. वाटेच्या दोन्ही अंगांना, ओहोळात, झुडपात बघत बघत येत होतो आणि देवाला एकच म्हणत होतो की पाय मोडलेला असू दे, फक्त पाय मोडलेला असू दे.

ऊन कलल्यावर तो बांध आला. बांधावर एक म्हातारी उभी होती, शेळ्यावाली. तिची पाठ माझ्याकडे होती. कपाळावर हात धरून ती देवळाच्या दिशेनं वाट न्याहाळत होती. माझी चाहूल लागली तशी ती दचकून वळली.

"कोण वं तुमी?"

"बाई बघितली का? नऊवारी, हातात काठी?"

तिनं मला खालीवर पाहिलं. मग मी आलो त्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी हिकडून कसं? ती तर म्हणतीय मागून येनार."

दगडाबाई तिचं नाव. तिनं जे सांगितलं ते असं. राजाबाईला सकाळी बांधावर मळमळलं. वाटेवर नको म्हणून ती खाली चिंचेआड उतरली, ओकली, आणि तिथंच तिला ग्लानी आली. मी गुणगुणत वरून गेलो तेव्हा ती झाडामागे पडलेली होती. वीस पावलांवर. उन्हं वर आल्यावर दगडाबाईच्या शेळ्या तिथं आल्या, त्यांच्या आवाजानं तिला जाग आली. दगडाबाईनं पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, वस्ती ही काय हितंच, पोरांपाशी मोटारसायकली हायत, जीप हाय, बोलावून आनते. राजाबाईनं तिचा हात सोडला नाही. माझा माणूस मागंच हाय म्हणाली, आता येईल. मी पुढं असते, ते मागून येतेत. तुमी गेलात आन् ते आले तर त्याइला म्या दिसनार नाय, ते पुढं निघून जातेल.

"तीनदा इचारलं दादा," दगडाबाई म्हणाली. "तीनदा नाय म्हणली. दुपारपतुर चांगली बोलत व्हती. मंग म्या म्हणलं, बरं, म्या वर हुबी ऱ्हाते, दिसले की हाक देते. आत्ता भावकीतला एक जन दिसला, त्याला पळविलाय जीप आनाया."

पुढचं थोडक्यात सांगतो. जीप आली. दवाखान्याला पोचायच्या आधी सगळं संपलं. डॉक्टरनं किती वाजता त्रास सुरू झाला ते विचारलं, मी सांगितलं, त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, दुपारपर्यंत आणलं असतं तर काही करता आलं असतं. बद्रीनाथनं विचारलं, बाबा, तुम्ही कुठं होता? मी म्हटलं, तिथंच होतो. तो रडत होता, त्यानं पुढे विचारलं नाही. दुपारी मी कुठं होतो? दुपारी मी चूल फुंकत होतो.

पण मला रात्रंदिवस जे खातं ते हे नाही. ते जीप येण्याआधीचं आहे.

मी बांधावरून खाली उतरलो. ती चिंचेला टेकून बसली होती, तोंड देवळाच्या वाटेकडे. ओठ निळसर झाले होते, केस कपाळाला चिकटले होते. मी तिच्या मागून आलो आणि समोर बसलो. तिला वाटलं मी समोरूनच आलो.

"आलात?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "लई मागं ऱ्हायलात."

दगडाबाई माझ्याकडे बघत होती. मी तिला नजरेनंच गप्प केलं. राजाबाईनं सहा-सात तास माझी वाट बघितली, माझ्यासाठी माणसं बोलवू दिली नाहीत, आणि मी तिला काय सांगू? की मी कधीच पुढे निघून गेलो होतो? की तू ज्या वाटेकडे डोळे लावलेस तिथं कुणी नव्हतंच?

"व्हय," मी म्हटलं. "पाय मुरगळला. देवळातच बसून होतो."

आता तुम्हाला एक सांगायला हवं. या बाईला मी आयुष्यात एकदाही फसवू शकलो नव्हतो. बिडी सोडली म्हणून शपथ घेतली तर तिनं माझी बोटं हुंगली होती. घोडी विकली आणि भावाला दिली म्हणून सांगितलं तर तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं होतं, आठ दिवस बोलली नव्हती. कारखान्यातून साहेबानं आठ दिवसांसाठी हाकललं आणि मी पाळी बदलली म्हणालो, तर डबा भरता भरता म्हणाली होती, खोटं बोलू नका, तुमाला जमत नाय. मी खोटं बोललो की ती माझ्या तोंडाकडे बघायचीच नाही, पायांकडे बघायची, आणि हसायची.

तेव्हा माझे पाय तिच्यासमोर होते. गुडघ्यापर्यंत धूळ, नडग्या फुटलेल्या, बुटांवर नाल्यातला चिखल अजून चिकटलेला होता. देवळापासून इथपर्यंत कुठंही पाणी नाही. लहान पोरालाही कळलं असतं.

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे केला, माझ्या पायावर ठेवला आणि म्हणाली, "लई दुखायलंय का?"

तिला खरं वाटलं होतं. आणि तेव्हाच मला कळलं की ही आता राहत नाही.

मी म्हटलं, "व्हय, दुखायलंय."